काठाचं पाणी

सत्तर सालच्या सुमारास मी भाईंदरच्या मिठागरात संशोधनासाठी पाण्याचा खारटपणा मोजायला जायचो. तिथला मुकादम तंबाखू मळत दर वेळी विचारायचा, "सायेब, नक्की काय मोजताय?" मला वैताग यायचा. मीठ धरू लागलं की तो वाफ्यात कुणाला पाय टाकू देत नसे, म्हणून मी बांधावरूनच बाटली बुडवायचो.

एकदा भर दुपारच्या उन्हात त्यानं विचारलं, "ह्ये पानी वाफ्याचं हाय, का निस्तं काठाचं?" मी पायाखालच्या बांधाकडे बोट दाखवलं. तेव्हा चपला काढून, धरलेलं मीठ तुडवत तो स्वतःच मधोमध गेला आणि बाटली भरून घेऊन आला. आकडा वेगळाच निघाला. म्हणजे माझी दोन वर्षांची वही काठाचीच होती!

"आता हे खरं वाफ्याचं पाणी," मी म्हणालो.

तळव्यांचं मीठ झटकत तो म्हणाला, "हाय वाफ्याचं. पन दुपारचं."