पंचबोलला मारलेली हाक

थंडीत नऊ महिन्यांचं लेकरू घेऊन चिखलदऱ्याला जायचं, हा हट्ट माझाच. मी अमरावतीची, लहानपणी थंडी पडली की आम्ही पहाडावर जायचोच. सासर अकोल्याचं. तिथे सासूबाईंनी आधीच बजावलं, "लेकराले सर्दी झाली तं मले सांगू नोका." मी म्हटलं, नाही सांगणार! कानटोप्या, स्वेटरं, गरम पाण्याचा थर्मास असा पसारा गाडीत भरला अन् आम्ही तिघं अकोट, परतवाडा करत घाट चढलो.

मजा आली, खोटं कशाला बोलू. पोरगं नुकतंच स्वतःचं नाव ओळखायला लागलं होतं. हाक मारली की गर्रकन मान वळवून हसायचं. आम्ही दोघं दिवसभर येड्यासारखे त्याचं नावच घेत होतो.

संध्याकाळी पंचबोलला गेलो. तिथे दरीकडे तोंड करून ओरडलं की आवाज फिरून फिरून परत येतो. लोक ओरडतच होते. नवऱ्यालाही चेव आला. त्यानं पोराच्या नावानं दणदणीत हाक ठोकली. समोरच्या पहाडातून हाक आली. मग डावीकडून. मग पार खालून, हळू, कुणीतरी लाडानं बोलवावं तशी. माझ्या कडेवरच्या पोरानं दरीकडे मान वळवली आणि ते हसलं. मला ते अजिबात नाही आवडलं. "चला आता, गारठा वाढला," म्हणत मी तरातरा गाडीत जाऊन बसले.

घरी आलो आणि त्यानं नावाला बघणं सोडलं.

चमचा पडला की दचकायचं, कुकरच्या शिट्टीकडे बघायचं. नाव घेतलं की मात्र ढिम्म. मी मागे बसून घसा फोडायची. डॉक्टर म्हणाले, कान ठणठणीत आहेत, थोडं थांबा. थांबा म्हणे! मोबाईलवर नाही नाही ते वाचत बसले. लेकरू माझ्या कुशीत होतं, दूध पीत होतं, आणि तरी ते इथे नाही असं वाटायचं.

एक दिवस सासूबाईंनी विचारलं, "निंघताना त्याले 'चाल घरी' म्हनलं होतं काय?"

परक्या ठिकाणाहून निघताना आमच्याकडे तान्ह्या लेकराला नावानं बोलावून घेतात, म्हणजे त्याचं मन मागे राहत नाही. माझी आईसुद्धा करायची. मी घाईत विसरले होते.

"दरीत त्याच्या नावानं बोंबलले, अन् मंग बोलावलंच नाई? थे काहून पाहीन वं तुमच्याकडं?"

"काहीतरीच तुमचं!" मी खेकसले आणि आत जाऊन रडले.

नवरा दारातून सगळं ऐकत होता. तो इंजिनिअर, असल्या गोष्टींची टर उडवणारा. रविवारी उठून बघते तर गाडी नाही, तो नाही, आणि दोरीवर वाळत घातलेलं पोराचं झबलं नाही. संध्याकाळी आला तेव्हा त्याचा आवाज पार बसला होता. त्यानं तेच झबलं पोराला घातलं, पाठीमागे जाऊन बसला आणि त्या फाटक्या आवाजात हाक मारली.

पोरगं वळलं. हसलं. मी धावत जाऊन त्याला उचललं.

आता ते तीन वर्षांचं आहे. तोंडाचा पट्टा चालूच, ऐकत कुणाचंच नाही. पण कधीकधी मी एकटी पोळ्या लाटत असते, तोंडातून अक्षर काढलेलं नसतं, घरात दुसरं कुणी नसतं, आणि ते खेळ टाकून धावत येतं.

"काय वं आई, बोलावलं?"

"हो रे, मीच बोलावलं," मी दरवेळी झटकन सांगते.

नाही म्हटलं, तर ते विचारेल, मंग कोनं?