झिम्म्याच्या फेरातला माईक

झिम्म्याच्या फेरात बायकांची तोंडं आत असतात आणि पाठ बाहेर. आत काय म्हटलं जातंय ते बाहेर बसलेल्यांना नीट कळत नाही, टाळ्या तेवढ्या ऐकू जातात. लग्न होऊन कसबा बावड्यात आले तेव्हा थोरल्या जाऊबाईंनी मला हा खेळ शिकवला. मी त्यांना अक्का म्हणते. गौरीची जुनी गाणी म्हणता म्हणता त्या मध्येच स्वतःची एखादी ओळ जोडायच्या आणि आम्ही हसत ती उचलायचो. सासू, नणंद, नवरा, कुणी सुटायचं नाही.

नव्या सुनांना ही गाणी येईनात, म्हणून आमच्या महिला मंडळानं स्पर्धा सुरू केल्या. तो उद्योग माझाच. गाणी टिकली पाहिजेत असं मी सगळीकडे सांगत फिरायची, आणि ते काही खोटं नव्हतं. मागच्या वर्षी पहिल्यांदाच फेराच्या मधोमध माईक उभा केला. आवाज कमी-जास्त करायचं बटण माझ्या टेबलावर.

फेर रंगात आला आणि अक्कांनी ओळ जोडली:

"दारात बोलं साखरंवानी,
पदराखाली झाकलं वळ, सांगू कुनाला गं."

बायकांनी सवयीनं ती उचलली. सगळ्या मांडवात घुमली. अक्कांचे मालक, म्हणजे आमचे थोरले भावजी, पुढच्याच रांगेत बसले होते.

आमच्या दोन घरांत भिंत एकच. ते वळ मला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून माहीत होते. आमचे हे म्हणाले, थोरल्यांच्या भानगडीत आपण पडायचं नाही. मला ते सोयीचंच वाटलं. त्या दुपारी माझं बोट बटणावर होतं. बंद करता आलं असतं. मी आवाज वाढवला.

का, ते अजून सांगता येत नाही. अक्कांसाठी? की मी जे कधी बोलले नाही ते त्यांच्याकडून बोलवून घेतलं? की नुसतं गाणं छान चाललं होतं म्हणून?

लोकांनी टाळ्या वाजवल्या. भावजींनीही वाजवल्या. परीक्षक बाई म्हणाल्या, अस्सल पारंपरिक गाणं, हे जपायला हवं. रिक्षात अक्का बक्षीस मांडीवर घेऊन बसल्या होत्या. आवाज एवढा मोठा झालाय हे माझ्या ध्यानातच आलं नाही, असं मी त्यांना म्हटलं. त्यांनी मान हलवली.

तेव्हापासून भिंतीपलीकडून काही ऐकू येत नाही. थांबलं म्हणून, की आता आवाज न होऊ देता चालतं म्हणून, कोण जाणे. विचारायचं तर कुठल्या तोंडानं? अक्का मात्र वर्षभर गायल्या नाहीत, भाकऱ्या थापतानासुद्धा.

परवा मंडळातल्या बायकांनी मलाच त्यांना आणायला पाठवलं. गौरीच्या नैवेद्याचा शेपू निवडत त्या बाहेरच्या सोप्यात बसल्या होत्या. मी सांगितलं, यंदा माईक नाही, अंगणात आपल्या आपणच खेळू.

"का गं?"

मग मी सांगून टाकलं. आवाज मीच वाढवला होता.

"ठावं हाय की. बगितला तुजा हात."

बघूनही त्या पुढं गात राहिल्या होत्या, हे तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरलं. आतल्या खोलीत भावजींचा टीव्ही चालू होता. मी हळूच विचारलं, "मग लावू का यंदा?"

अक्कांनी शेपूची एक जुडी माझ्याकडे सरकवली.

"तुला काय वाटतंय?"

मी जुडी सोडली आणि त्यांच्याशेजारी बसून निवडायला लागले.