नानांच्या बरणीतलं शेवटचं मीठ

शिरगावच्या एका घराण्याचा इतिहास मी कालवणात घातला. चवीला बरा लागला.

आज हे मी हसत सांगतेय, पण त्या दिवशी माझी जी गाळण उडाली होती ती विचारू नका! मुळात मी भित्री. पाल दिसली की पलंगावर, कुत्रं दिसलं की मिळेल त्या रिक्षात. आणि भीती वाटली की मी काहीतरी घासायला घेते. (अंबरनाथच्या आमच्या घरातली भांडी चकचकीत असतात ती याचमुळे. ऋचाच्या बारावीच्या निकालादिवशी मी गॅलरीचे गजसुद्धा घासले होते.)

तर या आमच्या ऋचाने प्रथमेशला पसंत केलं. मुलगा तिच्याच ऑफिसातला, सालस. घर आगरी, बदलापूरला शिरगावात बंगला, आणि बंगल्याच्या तळमजल्यावर म्युझियम! प्रथमेशच्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, घरातल्या आणि गावातल्या जुन्या वस्तू गोळा करून स्वतः उभं केलेलं. शाळांच्या सहली येतात म्हणे. सगळ्यांची पसंती होती, फक्त नानांचा होकार यायचा होता. त्यांचं म्हणणं एकच, "पोरगी कुठली बी असू दे, पन तिच्या घरात जुनं जपतात का त्ये मना बघू दे. उद्या ह्ये सगलं तिलाच सांभालाचंय." म्हणून रविवारी आम्हाला जेवायला बोलावलं होतं. जेवण कसलं, परीक्षाच ती!

रिक्षात ऋचाने मला बजावलं, "आई, तिथे कशालाही हात लावायचा नाही."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"प्रथमेशचे काका तिथल्या उखळावर बसले होते, फोटो काढायला. नाना सख्ख्या भावाशी चार वर्षं बोलले नाहीत! आत्ता गणपतीत कुठे बोलायला लागलेत."

"हे तू आत्ता सांगतेस?"

"आधी सांगितलं असतं तर आली असतीस का?"

नसते आले, हे खरं होतं.

नाना दारातच उभे. सहा फूट उंची, झुपकेदार मिशा. "या पावनं!" असं प्रेमानेच म्हणाले असतील, पण मला कोणीतरी दरडावल्यासारखं वाटलं. आमचे हे कारखान्यात ऑफिसर होते, जन्मात कोणापुढे वाकले नाहीत. तेसुद्धा "गुड मॉर्निंग सर!" म्हणून मोकळे झाले.

प्रथमेशच्या आई, सुमनताई, फार गोड. नानांच्या नजरेआड राहावं म्हणून मी त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरात सटकले. आम्ही मासे खात नाही, म्हणून खास आमच्यासाठी भलामोठा टोपभर वालाचं कालवण रटरटत होतं.

"ताई, तुमी बसा. मी पावन्यांना पानी देऊन येतंय. कालवानात मीठ तेवढं ऱ्हायलंय, आल्यावर टाकीन."

त्या गेल्या. मी बसायचं होतं की नाही? पण होणारी विहीण हातावर हात ठेवून बसली असं कोणी म्हणू नये, म्हणून उठले. मिठाचा डबा उघडला तर रिकामा! मागच्या पडवीत उन्हात एक लहानशी चिनी मातीची बरणी दिसली. आत जाडं, मातकट, ओलसर मीठ. एक खडा जिभेवर ठेवून पाहिला, मीठच होतं. ही माणसं मूळची मिठागरवाली, जाडंच मीठ खात असणार, असं मी शहाणीने ठरवलं आणि ते सगळं टोपात घातलं. जेमतेम दोन मुठी निघालं.

इथेच थांबले असते तरी निभावलं असतं. पण बरणी किती कळकट! वर एक पिवळा कागद चिकटवलेला, त्यावर पुसट काहीतरी खरडलेलं. बाहेरून नानांचा आवाज येत होता, मला धडधडत होतं, आणि समोर घासणी होती. घेतली बरणी घासायला! कागद काही केल्या निघेना, तेव्हा गरम पाणी ओतून नखाने खरवडून काढला आणि मोरीत सोडून दिला. बरणी लख्ख झाली. पुन्हा उन्हात उपडी घातली, तेव्हा जरा बरं वाटलं.

"सुमनताई, मीठ टाकलं हं मी!"

"अगो बाय, कशाला तरास घेतलात!"

मग नानांनी म्युझियम दाखवायला काढलं. भात मोजायची पायली, मीठ ओढायचं लांब दांड्याचं लाकडी फावडं, लग्नात धवले गाणाऱ्या आजीबाईंचा फोटो, आणि ते उखळ. (त्याला मी लांबूनच नमस्कार केला.)

"तुमच्याकडं असं जुनं काय हाय?" नानांनी एकदम मलाच विचारलं.

"आहेत ना, आमचे हे!" भीतीने तोंडातून काय निघेल सांगता येत नाही. नाना हसले नाहीत. ऋचाने डोळे मिटून घेतले.

शेवटी आम्ही एका काचेच्या पेटीपाशी आलो. पेटी रिकामी. नानांचा आवाज एकदम मऊ झाला.

"माज्या आजाचं खाडीला मिठागर होतं. त्ये गेलं, त्याच्या आदल्या दिवशी आजानं शेवटचं दोन मुठी मीठ भरून आनलं. बरनीवर त्याच्या हातचा कागद हाय. लिवाला धड येत नव्हतं त्याला, तेवढा एकच कागद लिवला त्यानं जल्मात. मीठ ओल धरतं म्हनून बरनी मागं पडवीत उन्हाला ठेवलीय. थांबा, आनतो."

"नको!" मी किंचाळले.

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"काय झालं ताई?"

"भूक! मला फार भूक लागलीय! आधी जेवूया!"

होणाऱ्या सासरी माझ्या मुलीची मान खाली गेली. मी यांना हाताला धरून पडवीत ओढलं.

"अहो, पळत जा आणि मीठ आणा."

"कालवणात कमी आहे का?"

"सगळं कालवणातच आहे! जाडं आणा!"

हे पाच मिनिटांत परत आले. हातात पिशवी, आत पांढरंशुभ्र, बारीक पिठासारखं मीठ.

"जाडं नव्हतं?"

"होतं. पण हे आयोडीनवालं आहे, तब्येतीला चांगलं."

त्यांच्याशी भांडायलाही वेळ नव्हता. बरणीत ओतलं, तर ओल्या बरणीला ते चिकटून बसलं. मोरीत वाकून कागद शोधला, एक कपटासुद्धा मिळाला नाही. देवा, माझ्या मुलीचं लग्न मी मोरीत घातलं, एवढंच डोक्यात घुमत होतं.

पंगत बसली. प्रथमेशचे ते उखळवाले बाळाकाकाही आले होते, नानांपासून जपून दोन पाट सोडून बसले. मी भाकरीचे नुसतेच तुकडे करत होते. नाना मात्र वाटीमागून वाटी रिचवत होते. "कालवान बेस झालंय आज," असं तीनदा म्हणाले आणि माझा जीव तीनदा गेला. मग भरल्या ताटावरून उठून हात धुतला आणि बरणी घेऊनच आले. बरणी नव्या नवरीसारखी चमकत होती. नानांनी आत पाहिलं, बाहेरून फिरवून पाहिलं.

"कागद कुठं हाय?"

मग त्यांनी आतलं मीठ चिमटीत घेऊन चोळलं.

"ह्ये माज्या आजाचं मीठ नाय!" भांडी थरथरली असं मला वाटलं. "बाल्या!"

"दादा, मी नाय रे!" काकांच्या तोंडातला घास तसाच राहिला.

"चार वर्सं बोललो नाय त्याचा दावा साधलास?"

"पोरांची शप्पत, दादा!" एवढा मोठा माणूस रडायच्या घाईला आला.

ऋचा बरणीकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती. ती लकाकी तिच्या लहानपणापासून ओळखीची होती. ती उठली आणि म्हणाली, "नाना, काकांना बोलू नका. माझ्याकडून झालं."

आता मात्र मला राहवेना. उभी राहिले.

"ती खोटं बोलतेय. मी केलं. आजोबांचं मीठ तुमच्या वाटीत आहे, नाना. कागदही मीच खरवडला. मला या घराचा उंबरा चढू देऊ नका, पण माझ्या मुलीला नाही म्हणू नका." आणि मी तिथेच हुंदके देऊन रडायला लागले.

नाना खाली बसले. वाटीत तळाला थोडं कालवण होतं. ते बोटाने निपटून त्यांनी सावकाश चाटलं.

"चालीस वर्सं राखलं. जिभेला लावाची हिंमत नाय झाली कदी." त्यांचे डोळे भरून आले. मग एकदम गरजले, "टोपात किती ऱ्हायलंय?"

"अर्धा टोप," सुमनताई घाबरत म्हणाल्या.

"थेंब टाकाचा नाय! सगल्यांनी बसून संपवाचं. बाल्या, तू पयला घे. आजाचं मीठ ज्यांच्या पोटात गेलं त्ये आता घरचे. लग्नाची तारीख काढा."

आमच्या ह्यांना चार वाट्या वाढल्या गेल्या. नाही म्हणायची कोणाची छाती होती?

"कागदाचं मात्र मना लई वाईट वाटलं," नाना शेवटी हळू आवाजात म्हणाले. "नवा कागद आता तुमी लिवाचा. खरं खरं."

लिहिला. "या बरणीतले शेवटचे मीठ सुनेच्या आईने कालवणात घातले व बरणी घासली. आजोबांचा कागदही तिनेच काढला." रिकामी बरणी आणि माझा कागद आता त्या काचेच्या पेटीत आहेत, वर दिवासुद्धा आहे.

गेल्या महिन्यात मी ऋचाला भेटायला गेले, तेव्हा एका शाळेची सहल आली होती. एका चिमुरडीने माझा कागद अडखळत मोठ्याने वाचला आणि गंभीरपणे विचारलं, "मॅडम, या बाई कधी वारल्या?"

"खूप वर्षं झाली असतील, बाळा," मॅडम म्हणाल्या.

मी मागेच उभी होते. नाना माझ्याकडे बघून मिशीत हसले, पण त्यांनी मॅडमची चूक काही दुरुस्त केली नाही. मीही गप्प राहिले. एवढ्या मुलांसमोर आपण जिवंत आहोत हे कबूल करायची मला भीती वाटली!