बाईचा पोळा

पुण्याला जाणारी गाडी उशिरा येणार होती, म्हणूनच पुलगावच्या फलाटावर मी माझ्या मायला जन्मात पहिल्यांदा रिकामं बसलेलं पाहिलं. माझ्या पत्र्याच्या पेटीवर ती बसली होती, हात मांडीवर मोकळे. गिरणीची शिफ्ट चुकेल म्हणून बाबा येरझाऱ्या घालत होते.

"बस नं वं जराशी," माय मला म्हणाली. "तिकडे तुले कोनी बस म्हननार नाई."

"मी बसाले नाई चालली, माय. लढाले चालली."

"लढजो. पन बसत जाजो."

मी हसले. बाबा गिरणीतून युनियनची जी पत्रकं आणत, त्यांवरच मी वाचायला शिकले होते. त्या पत्रकांत आराम शेठजींचा होता आणि घाम आमचा. पुण्यात एका साप्ताहिकाच्या कचेरीत काम मिळालं, तेव्हा मी घामाचीच बाजू घेतली. प्रूफं, मीटिंग, मोर्चा, पुन्हा प्रूफं. चहासुद्धा उभ्यानं प्यायचे आणि त्याचा तोरा मिरवायचे.

मग एका दुपारी मी लिहिलेली दोन पत्रकं टेबलावर शेजारी-शेजारी पडलेली दिसली. एक विडी कामगार बायांसाठी, एक मोलकरणींसाठी. मथळे झाकले तर कोणतं कुणाचं, हे मलाही सांगता येईना. वाक्यं सगळी बाबांनी आणलेल्या पत्रकांतली. माझं एकही नव्हतं. मी हादरले. माझ्यापाशी स्वतःचं बोलण्यासारखं काही होतं तरी का?

मी गच्चीवर जाऊन बसले. पेन नाही, पुस्तक नाही. रोज दुपारी बसू लागले. आधी नुसती तगमग झाली. मोकळे हात कुठे ठेवावेत तेच कळेना. मग आतला गोंगाट हळूहळू खाली बसला आणि माझं गाव, नाचणगाव, वर आलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे हळद-तुपानं मळतात. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू नसतं, त्याला पुरणपोळी भरवतात. आणि ती पुरणपोळी करत माय पहाटेपासून चुलीपुढे असते. दर वर्षी हे माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं. दिसलं मात्र त्या गच्चीवर.

"काय कॉम्रेड, समाधी लागली का?" आमचे संपादक म्हणाले. "चळवळीला सुटी नसते."

मी तो विषय मीटिंगमध्येच काढला. "आठ तासांच्या कामासाठी माणसं लढली. उरलेले तास त्यांनी कशाला मागितले होते? उद्या ताजंतवानं होऊन पुन्हा जुंपून घ्यायला? तो तर मालकाचा हिशोब झाला. ज्याच्यातून काहीच निघत नाही असा वेळही माणसाचा हक्क आहे!"

"पोरीला माझं मत," छपाईचे खिळे जुळवणाऱ्या मावशी म्हणाल्या. "आणि माझ्या कमरेचंही."

हशा पिकला आणि सुटीचा ठराव पास झाला. दर गुरुवारी कचेरीला कुलूप. पहिल्या गुरुवारच्या दुसऱ्याच दिवशी मी स्वतःच्या शब्दांतलं माझं पहिलं पत्रक लिहिलं: 'बाईचा पोळा कधी?'

पोळ्याला ते घेऊन घरी गेले आणि आमच्या ओट्यावर जमलेल्या बायांना वाचून दाखवलं. शेजारच्या शांताकाकू फणकारल्या, "आमी बसलो तं सयपाक कोन करन? तुया बाप?"

दारात उभे असलेले बाबा खाकरले. "करन नं. बैलाले चारतो, मंग तुमाले चाराले काय झालं?"

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोरांनी लाकडी बैल मिरवून आणले आणि संध्याकाळी आमच्या गल्लीत एकाही बाईनं चूल पेटवली नाही. बाप्यांनी खिचडी रांधली. करपली. बायांनी पोट धरून हसत खाल्ली. पुढच्या वर्षी पलीकडच्या गल्लीतल्या बायाही बसल्या.

गावात राहिलेल्यांनो, माझ्यासारखं गाव सोडून गेलेल्यांनो, घर कुठे आहे असं आता मला कुणी विचारलं, तर मी गावाचं नाव सांगत नाही. त्या पहिल्या तान्ह्या पोळ्याची संध्याकाळ सांगते. माय ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती, हात मांडीवर मोकळे. रस्त्यानं जाणाऱ्या एका म्हाताऱ्यानं थांबून विचारलं, "काय करून राह्यली वं, बाई?"

"काईच नाई," माय म्हणाली, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.