माळावरचं एकच अंडं

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितली नाही. माझ्या पोटातलं सगळं आपल्याला कळतं, असं ती अभिमानाने म्हणायची – आणि मी मान डोलवायचो. ती आजारी असताना शेवटच्या आठवड्यात दोनदा ओठांवर आलं होतं. दोन्ही वेळा मी तिला मोसंबीचा रस हवा का, एवढंच विचारलं. तुम्हाला सांगतो आहे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमत असेल कदाचित.

आधी पक्ष्यांचं सांगतो. ते सोपं आहे.

मी तेव्हा मिरजेच्या एका शाळेत कच्च्या नोकरीवर मास्तर होतो. पाखरांचं वेड इतकं, की मुलं पाठीमागे ‘पाखरे मास्तर’ म्हणायची आणि मला त्याचा राग येण्याऐवजी गुदगुल्या व्हायच्या. मामांनी दिलेली दुर्बीण होती, पक्ष्यांचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. आणि भिमा होता. भिमा पारधी मला वडूजच्या बाजारात भेटला, तित्तर विकायला बसला होता. माळावर अमुक आवाज कोण काढतं, असं मी त्याला विचारलं. त्याने ओठांवर दोन बोटं ठेवून तो आवाज असा काढला, की टोपलीतले तित्तर गप्प झाले. त्यानंतर तीन वर्षं, सुट्टी लागली की मी त्याच्या पालावर. मास्तर तो मला म्हणायचा, आणि शिकायचो मी. चंडोल घरटं कुठल्या बाजूला करतो, टिटवी खोटं खोटं लंगडते कधी, वाळक्या विष्ठेवरून रात्री इथे कोण बसलं होतं – त्याला वाचता येत नव्हतं, आणि माझ्या पुस्तकात यातलं निम्मंही नव्हतं.

दुसरी मोठी लढाई संपली त्याच्या पुढच्या भाद्रपदात त्याचा निरोप आला. माळढोकाची मादी अंड्यावर बसली आहे, बघायची तर लगेच या. कसा थांबणार? शाळेत मी तापाची चिठ्ठी पाठवली, शुक्रवार-शनिवारची रजा. कच्ची नोकरी त्याच वर्षी पक्की व्हायची होती, आणि हेडमास्तर खोट्या रजेवर माणसं काढून टाकत. तरी गेलो. एवढीशी लबाडी कोण करत नाही?

आता हजेरीचं सांगायला हवं. त्या काळी सरकार पारध्यांना जन्मापासून गुन्हेगार धरायचं. चोरी करो न करो, सकाळ-संध्याकाळ गावच्या पोलीस पाटलापुढे उभं राहून हजेरी द्यायची. रात्री बाहेर राहायचं तर त्याची परवानगी घ्यायची. हजेरी चुकली तर तोच गुन्हा.

माळ पालापासून लांब. भिमा एकटा दोन हजेऱ्यांच्या मधे जाऊन येई, पण माझ्या चालीने एक मुक्काम पडणार होता. भिमा म्हणाला, “मास्तर, पाटलाच्या कानावर घालाया पायजे. तुमी सांगितलं तर ऐकंल त्यो.”

मी म्हणालो, सांगितलंय.

सांगितलं नव्हतं. पाटलाचा मुलगा मिरजेत माझ्याच वर्गात होता. माझं नाव पाटलाच्या कानावर जायचा अवकाश, आठ दिवसांत ते हेडमास्तरांच्या टेबलावर. पण ही माझी कबुली नाही – ही तिची पायरी.

शनिवारी सकाळी निघालो. पारध्यांची रीत तुम्ही पाहिली नसेल. भिमाची एक गाय होती, तांबू. दूध बेताचंच, पण तिच्यासारखी शिकवलेली गाय मी पाहिली नाही. माळावरचं पाखरू माणसाला दुरून भितं, गायीला भीत नाही. म्हणून गायीला चरत चरत पुढे न्यायचं आणि तिच्या खांद्याआड वाकून आपण चालायचं. “गाय थांबली की थांबायचं,” भिमा पुटपुटायचा. “तिच्यावानी चरायचं, मास्तर. घाई करशीला तर गेलं.” दुपारभर आम्ही तसे वाकून चाललो. माझी कंबर मोडली होती, तोंडात कुसळं होती आणि मी इतका सुखी होतो की सांगता येत नाही.

मग ती दिसली. माणसाच्या कमरेएवढी उंच, मान ताठ, गवतात उभी. आम्हाला पाहून नव्हे, आपणहून ती चरायला बाजूला झाली, आणि भिमाने बोट दाखवलं. उघड्या जमिनीवर एक अंडं. घरटं नाही, काडी नाही, काही नाही. “येकच घालती,” तो म्हणाला. “दुसरं न्हाई.” अंड्याच्या दिवसांत पारध्यांत कोणी फास लावत नाही. उलट मेंढरांचे कळप त्या बाजूला वळू नयेत म्हणून भिमा रोज एक फेरी मारत होता. मी वही काढली. तारीख, वेळ, अंड्याचं चित्र, आणि खाली लिहिलं – सोबत भिमा.

पुन्हा पक्ष्यांकडेच वळलो, बघा. किती वेळ वळणार?

रविवारी दुपारी परतलो. गावाअलीकडेच आमच्या वाटा फुटल्या, आणि वेशीवर भिमाला धरलं. शनिवारी रात्री सोनाराचं घर फुटलं होतं, आणि भिमा हजेरीला नव्हता. मी मिरजेची मोटार धरायला निघालो होतो, तर पाटलाचा माणूस मलाही चावडीवर घेऊन गेला. तिथे पाटील होता, फौजदार होता. भिमा जमिनीवर उकिडवा बसला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. मला पाहून तर तो सैलच झाला. त्याच्या हिशेबी प्रश्न मिटला होता – मास्तर आले.

पाटील म्हणाला, “मास्तर, ह्यो म्हणतुया, काल दिसभर आन् रातीला तुमच्यासंगं माळावर हुता. खरं हाय का?”

वही माझ्या पिशवीत होती. पिशवी माझ्या मांडीवर होती.

मी म्हणालो, “नाही. मी आजच्याच मोटारीनं आलो.”

मला वाटायचं, असं काही बोलताना माणसाची जीभ अडखळत असेल, घाम फुटत असेल. काही झालं नाही. रोज वर्गात हजेरी घेतो तशा आवाजात मी बोललो. माझंच वाक्य माझ्या कानावर पडलं आणि मी हबकलो – हे कोण बोललं? मी? इतकं सहज? वाटलं, आता कोणीतरी हसेल, आता मीच म्हणेन की थांबा. पाटलाने मान हलवली आणि मला पाणी दिलं. मी ते प्यायलो.

भिमा माझ्याकडे बघत राहिला. रागाने नाही. पाखरू ऐन वेळी भलत्याच दिशेला उडालं की तो तसा बघायचा. तो भांडला नाही, ओरडला नाही. त्याला उठवलं तेव्हा माझ्याजवळ आल्यावर एवढंच म्हणाला, “तकडं मेंढरं येत्यात, मास्तर. पंदरा दिस तरी ध्यान ठिवा.”

मी मिरजेला आलो. सोमवारी शाळेत गेलो. ताप उतरला का, असं हेडमास्तरांनी आपुलकीने विचारलं. भिमाला वर्षाची शिक्षा झाली, तांबू विकली गेली, आणि माझी नोकरी पक्की झाली. वही काढून पाटलापुढे ठेवायला मला पंधरा दिवस होते, महिना होता, वर्ष होतं. ठेवली नाही.

इथे थांबलो तर तुम्ही म्हणाल, भेदरला बिचारा. म्हणून पुढचंही ऐका.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर भिमा मला मिरज स्टेशनवर भेटला. मी तोंड फिरवणार, तोवर तोच जवळ आला. वाळला होता, केस पांढरे झाले होते. मी मनाशी म्हटलं, आता हा बोलणार, चारचौघांत बोलणार. बोलू दे.

“मास्तर,” त्याने विचारलं, “त्ये अंडं फुटलं का?”

तिथेही मला खरं बोलता आलं असतं. तिथे तर कुठली नोकरी जाणार होती?

“फुटलं,” मी म्हणालो. “पिल्लू पाहिलं मी. आईच्या मागे चालत होतं.”

त्याचा चेहरा उजळला. “कसं हुतं वो रंगाला?”

मी सांगितलं. मातकट, पाठीवर काळसर ठिपके. तो ऐकत राहिला, आणि म्हणाला, “मला वाटलंच. तुमी जाशीला, म्हून म्या जिवाला घोर लावून घेतला न्हाई.” मग त्याची गाडी आली.

रंग मी पुस्तकात वाचला होता. माळावर मी पुन्हा गेलोच नव्हतो.