चौथ्या फेरीपासून तीन टाके

टायपिंगची यंत्रं नेली त्या दिवशी मावशी घरी आली आणि चपला न काढताच पलंगावर बसली. चौदा यंत्रं होती. दोन हमालांनी दुपारभर जिन्यावरून उतरवून भंगाराच्या टेम्पोत टाकली. एकाची कळ पायरीवर निखळून पडली होती, ती तिने पर्समध्ये घालून आणली होती.

"आता तुझं काय?" मी विचारलं.

"माझं काय? मोठ्या बाई म्हणाल्या, हस्तकलेचा वर्ग रिकामा आहे, क्रोशा येतो का? मी म्हटलं, येतो."

"तुला येतो?"

"नाही."

मावशी बायकांच्या उद्योगशाळेत सत्तावीस वर्षं टायपिंग शिकवत होती. मोठ्या बाई म्हणजे तिथल्या प्रमुख. निवृत्तीला साडेतीन वर्षं उरली होती. चार महिन्यांनी तपासनीसबाई येणार होत्या. वर्ग त्यांच्या पसंतीला उतरला तर मावशी राहणार, नाहीतर ती अतिरिक्त ठरून घरी येणार. घरी आम्ही दोघीच. मी एका कारखान्यात यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग काढते आणि संध्याकाळी परत येते तेव्हा कशाकडेही बघायची ताकद उरलेली नसते.

शाळेच्या कपाटात क्रोशा शिकवणारं एक जुनं पुस्तक होतं, कव्हर नसलेलं. मावशीने ते टायपिंगच्या कागदासारखं उभं चिमट्यात लावलं, ओळीखाली पट्टी धरली आणि पाठ ताठ करून बसली. नजर पुस्तकावर. हातात सुई आणि दोरा, पण हातांकडे एकदाही बघायचं नाही. टायपिंगच्या पहिल्याच दिवशी ती पोरींना हे सांगायची, की बोटांकडे बघणारी कधी टायपिस्ट होत नाही. पाच मिनिटांत सुईचा आकडा तिच्या बोटात घुसला.

"अगं, बघून कर ना!"

"बघितलं तर वाचू कधी?"

दुसरी खोड त्याहून वाईट. टाका चुकला की ती दोरा कात्रीने कापायची, झालेला तुकडा टोपलीत टाकायची आणि पहिल्या साखळीपासून पुन्हा सुरू करायची. आठवडाभरात टोपली गांडुळांसारख्या तुकड्यांनी भरली.

"मावशी, उसव की. दोरा ओढला की सुटतो."

"खाडाखोड मला चालत नाही. बिघडलेला कागद फेकायचा आणि नवा लावायचा."

"हा कागद नाहीये."

तिने टोपलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हे आधी सांगायचं होतंस," म्हणाली. त्या दिवसापासून उसवायला लागली, पण चोरी केल्यासारखी, माझ्याकडे पाठ करून.

तिचा दिवस साडेपाचला सुरू व्हायचा. दुधाचं पातेलं गॅसवर आणि पुस्तक चिमट्यात. आज सकाळी जे पान शिकायचं, ते दुपारी वर्गात शिकवायचं. वर्गात अकरा जणी होत्या. मावशी पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं सांगायची, फेरी मारून सगळ्यांचे टाके तपासायची आणि घरी आली की आडवी व्हायची. "थाप मारायला एक मिनिट लागतं," एकदा छताकडे बघत म्हणाली, "निभवायला मात्र रोज उठावं लागतं."

तपासणीसाठी नमुना ठरला गोल रुमाल. मुक्या खांबाचा, म्हणजे क्रोशातल्या सगळ्यात बुटक्या टाक्याचा. पहिल्या फेरीत सहा टाके, दुसऱ्या फेरीत बारा, तिसऱ्या फेरीत अठरा. पुढे पुस्तक म्हणत होतं, चौथ्या फेरीपासून दर फेरीत ३ टाके वाढवा. मावशीने वाढवले. सातव्या फेरीला रुमालाच्या कडा वर यायला लागल्या. दहाव्या फेरीला तो टेबलावर ठेवला तर सरळ वाटी झाली होती.

"इस्त्री केली की बसेल," मावशी म्हणाली. बसली नाही.

मला तेव्हाच मोजता आलं असतं. दिवसभर मी दुसरं काय करते? पण मी जेवले आणि झोपले.

तपासणीच्या दोन दिवस आधी मावशीने वर्गातले रुमाल गोळा केले. दहा वाट्या आणि एक रुमाल. तो सपाट रुमाल मागच्या बाकावरच्या आयाचा होता. ही चाळिशीची बाई इस्पितळात रात्रपाळीला आया होती. सकाळची झोप अर्धवट सोडून वर्गाला यायची आणि उरलेली झोप वर्गात पुरी करायची. हात मात्र चालू असायचे.

"तुझा असा कसा?" मावशीने विचारलं.

आया दचकून उठली. "चुकला का, बाई?"

"पुस्तकात सांगितलंय तसा नाही."

"कड आवळायला लागली, म्हणून मी टाके वाढवत गेले. पाय आखडलेल्या पेशंटला आपण जागा करून देतो ना, तसं."

"पुस्तकात तीनच आहेत."

"पुस्तकाला कुठे दिसतंय, बाई, कड आवळतेय ते?"

वर्ग हसला. मावशी नाही हसली. घरी आल्यावर तिने मला पुढचं सांगितलं.

"दहा सारखे आणि एक वेगळा. तपासनीस त्याच्यावरच बोट ठेवणार. मी तिला म्हटलं, परवा तू नाही आलीस तरी चालेल. किती खूश झाली! म्हणाली, बाई, मग मी झोपते जरा." मावशीने कपाळ चोळलं. "बिचारीने आभारसुद्धा मानले माझे."

तेव्हा कुठे मी ती वाटी हातात घेतली आणि पेन्सिल काढली. गोल सपाट राहायचा असेल तर प्रत्येक फेरीला वाढ सारखीच हवी. पहिल्या तीन फेऱ्यांत सहाची वाढ आहे, म्हणजे पुढेही सहाच. दहाव्या फेरीत साठ टाके हवेत. मावशीच्या वाटीत एकोणचाळीस निघाले.

"सहाच्या जागी तीन छापलंय, मावशी."

"छापलेलं आहे."

"छापणाऱ्याचं चुकत नाही का?"

"सत्तावीस वर्षं मी पोरींना काय सांगितलं? समोरच्या कागदात चूक असेल तर चूकच टाइप करा. दुरुस्त करायला आपण साहेब नाही." तिने पुस्तक चिमट्यातून काढलं आणि ती ओळ डोळ्यांजवळ नेऊन बघितली. "आणि हिनं झोपेत दुरुस्त केलं."

तपासणीच्या सकाळी मावशी साडेपाचला दुधाजवळ नव्हती. ती इस्पितळाच्या फाटकाशी पाळी सुटायची वाट बघत उभी होती. आया बाहेर आली तेव्हा तिचे डोळे मिटत होते.

"बाई? तुम्ही इथं? कोणी ॲडमिट आहे का?"

"वर्गाला चल."

"तुम्हीच तर सुट्टी दिलीत!"

"रद्द केली. तुझा रुमाल दाखवायचाय."

"मग दाखवा की, तुमच्याकडेच आहे. मला कशाला?" आया पुटपुटली. पण आली.

तपासनीसबाईंनी टेबलावरचा मावशीचा नमुना उचलला, उलटा केला, सुलटा केला.

"हे काय आहे?"

"गोल रुमाल," मावशी म्हणाली. "चुकलेला. पुस्तकात चूक होती, मी तशीच शिकवली. ह्या दहा जणींचे माझ्यामुळे बिघडले. हा अकरावा बरोबर आहे, तो ह्या बाईंचा. मी सांगितलेलं त्यांनी ऐकलं नाही."

मोठ्या बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या.

"तुम्ही क्रोशा कधीपासून करता?" तपासनीसबाईंनी विचारलं.

मावशी सांगते, की तेव्हा 'बरीच वर्षं' हे दोन शब्द तिच्या जिभेवर तयार होते.

"चार महिने," ती म्हणाली.

तपासनीसबाईंनी बराच वेळ लिहिलं. त्या गेल्यावर मोठ्या बाईंनी तो शेरा सगळ्यांसमोर वाचला : प्रशिक्षित शिक्षिका मिळेपर्यंत वर्ग याच शिक्षिकेकडे ठेवावा.

"मिळेपर्यंत म्हणजे?" मावशीने विचारलं.

मोठ्या बाईंनी कागदाची घडी घातली. "मागची मिळायला सहा वर्षं लागली होती, बाई. तुमची किती उरलीत?"

मावशी खुर्चीवर बसली. आनंद व्हायला हवा तर फक्त झोप येत होती म्हणे. मागच्या बाकावर आया रुमालावरच डोकं ठेवून घोरत होती. एक जण तिला हलवायला निघाली, तिला मावशीने हाताने थांबवलं. मग स्वतःची वाटी उचलली, शेवटच्या टाक्यातून दोरा मोकळा केला आणि बाकीच्या दहा जणींना हळू आवाजात सांगितलं, "उसवा. चौथ्या फेरीपर्यंत."