चहाच्या खोक्यातली बाळंतीण

हातातला कप आधी खाली ठेवा. मागं एकदा हा किस्सा सांगताना एका मित्राच्या नाकातून चहा आला होता, आणि सदरा माझा खराब झाला होता. ठेवलात? मग ऐका. फजिती माझीच आहे, तेव्हा हसताना भीड बाळगू नका. त्या वेळच्या दत्ताकडं मी स्वतःसुद्धा आता शेजाऱ्याच्या मुलाकडं बघावं तसाच बघतो.

गोष्ट बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या सालची. शेतकीची पदवी घेऊन मी पार हिमालयाच्या पायथ्याहून गावी परतलो होतो. गाव आमचं जामखेडच्या अलीकडं, आठ मैलांवर. छातीत गावाचा उद्धार आणि ट्रंकेत इंग्रजी पुस्तकं! एसटीतून उतरता उतरता मी कंडक्टरला जमिनीच्या धुपेवर पंधरा मिनिटं समजावलं. गाडी तिथं दोनच मिनिटं थांबायची होती. आतले लोक मला काय काय म्हणाले, ते सोडा.

घरात आम्ही तिघं. वडील, म्हणजे आप्पा. मी. आणि थोरली चुलती. आई मी लहान असतानाच गेली, मला चुलतीनं वाढवलं. तिला सारं गाव जिजी म्हणायचं, कारण निम्मं गाव तिच्याच हातावर जन्मलेलं. बाळंतपण म्हटलं की जिजी.

आल्या आल्या आप्पांनी माझ्यासाठी मुलगी बघितली. श्रीगोंद्याकडची, सुमन नावाची, अकरावी झालेली, शाळेत शिकवणारी. बघायला गेलो तर मी तिला काही विचारायच्या आत तिनंच मला विचारलं, "एवढं लांब जाऊन शिकलात, ते तुमच्या गावात कुणाच्या उपयोगी पडणार?"

झालं! मी आणखी पोहे मागून घेतले. मला आजवर एकाही परीक्षकानं एवढा अवघड प्रश्न विचारला नव्हता. परतताना बसमध्ये मी आप्पांना सांगून टाकलं, लग्न करीन तर हिच्याशीच.

आप्पा म्हणाले, "आरं पन त्यांनी हो म्हनलं पायजे ना! तिचा बाप नि आत्या पंधरवड्यानं घर बघाया येनार हायत. आत्याच्या शब्दाभाईर तिथं पान हालत न्हाई. तवर नीट वाग."

मी ठरवलं, नीट वागण्यापेक्षा उत्तर तयार ठेवू.

उत्तर म्हणजे पेरू. आप्पांच्या एका मित्राच्या मळ्यात पेरूचं एक झाड होतं, खडीसाखरेसारखं गोड. बी लावून तसंच झाड येईल याचा भरवसा नाही. पण त्याच्या काड्यांना मुळं फोडता आली तर? तशीच्या तशी चाळीस झाडं, गावातल्या चाळीस घरांना फुकट! फक्त पेरूची काडी हट्टी असते. तिला सारखी दमट हवा लागते, धुक्यासारखी. कॉलेजात त्यासाठी काचेचं घर होतं, विजेवर चालणारे फवारे होते. आमच्या गावात वीज सोसायटीच्या कचेरीपर्यंत आली होती आणि तिथंच दमली होती.

मग मी धुक्याची पेटी घरीच बनवली. दुकानातून चहाचं रिकामं खोकं आणलं. तळाला भोकं पाडली, वीतभर नदीची वाळू भरली. वर बांबूच्या कामट्यांच्या कमानी आणि त्यांच्यावर खताच्या गोणीतली प्लॅस्टिकची पिशवी कापून ताणली. राहिलं धुकं! दोन दिवस डोकं खाजवलं आणि तिसऱ्या दिवशी माझी नजर स्वयंपाकघरातल्या पितळी स्टोव्हवर पडली.

हसू नका, हे खरंच चाललं. टाकीतलं रॉकेल काढलं, सोड्यानं तीनदा धुतली, पाणी भरलं आणि पंप मारला. निपलातून सुईसारखी धार उडाली. तिच्यासमोर डब्याचं झाकण वाकवून धरलं आणि काय सांगू, धार झाकणावर आपटून धुकं झालं, धुकं! आपल्या दुष्काळी मुलखात, मार्च महिन्यात!

"आन आता चा कशावर करू?" जिजीनं विचारलं.

"चुलीवर. विज्ञानासाठी एवढं सोसायचं, जिजी."

काड्या मी आठवड्यापूर्वीच पुस्तकाप्रमाणं कापून, एक टोक तिरकं, एक सरळ, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवल्या होत्या. तिरकी टोकं खाली करून चाळीसच्या चाळीस वाळूत खोचल्या. पेटी मागच्या अंधाऱ्या खोलीत, झरोक्याखाली ठेवली.

आता चूक कुठं झाली ते सांगतो. निदान पहिली चूक. मला एका कामासाठी पाच दिवस नगरला जायचं होतं. मागं पेटी कोण सांभाळणार? जिजी! माझा तेव्हा ठाम सिद्धांत होता, की विज्ञान लोकांना त्यांच्या रोजच्या भाषेत सांगितलं पाहिजे. म्हणून मी जिजीला समोर बसवून म्हणालो, "जिजी, असं समज, ही पेटी म्हणजे बाळंतीण आहे. वारं लागू द्यायचं नाही. उजेड बेतानं. ऊब पाहिजे. अर्ध्या अर्ध्या तासानं पंप मारायचा. आणि चाळीस दिवस बाहेरच्या कुणाला आत सोडायचं नाही."

जिजीचा चेहरा उजळला. "आसं बोल की मग! मला वाटलं कायतरी अवघड हाय."

किती अभिमान वाटला मला स्वतःचा! प्रौढशिक्षणावर एक लेखसुद्धा मनात लिहून टाकला.

पाच दिवसांनी परतलो तर खोलीत ओव्या-शेपांच्या धुरीनं माणूस दिसेना. पेटी चार विटांवर चढलेली, खाली निखाऱ्यांची शेगडी. प्रत्येक काडीला कोमट तेलाचं बोट लावलेलं. पेटीसमोर पाट, पाटावर हळदकुंकू, आणि शेजारी माझी नोंदवही नि पेन!

"जिजी! हे काय?"

"आज पाचवी न्हवं का? रातच्याला सटवाई येती, नशीब लिवती. मंग वही-पेन नगं?"

"अगं, काड्यांचं कसलं आलंय नशीब!"

"तूच म्हनलास बाळंतीन समज. मी समजले. आता मधीच काडी म्हनू नगंस."

मी पुस्तक उघडलं. त्यात लिहिलं होतं, तळाला सौम्य ऊब दिल्यास मुळं लवकर फुटतात. मी पुस्तक मिटलं. शेगडीबद्दल पुन्हा काही बोललो नाही.

पण जिजी तेवढ्यावर थांबणारी नव्हती. घरात त्या पेटीचं नावच बाळंतीण पडलं. ओवा संपला तसा तिनं दुकानातून आणखी आणला. दुकानदारानं विचारलं, "जिजी, कोन बाळंत झालं?"

जिजी सरळ चेहऱ्यानं म्हणाली, "आमच्या दत्ताची हाय एक. लई नाजूक हाय बाई."

बास! रंडका बाप, विधवा चुलती आणि बिनलग्नाचा पोरगा असलेल्या घरात 'दत्ताची एक' बाळंत झालेली! वर अंधारी खोली, दिवसभर स्टोव्हच्या पंपाची फसफस, कौलांतून धुरी. गावाला आणखी काय पुरावा हवा? आम्हाला तिघांना सोडून सगळ्यांना सगळं कळलं.

आणि त्याच आठवड्यात पाहुणे आले. मुलीचे वडील, फेटा बांधलेले, मितभाषी. आणि त्यांची थोरली बहीण, आत्याबाई. नाकात नथ, हातात पिशवी, डोळे असे की माणसाच्या पोटातला पोहा दिसावा. त्यांनी घर कुठं विचारलं? दुकानात! दुकानदारानं वाट दाखवली आणि वर आपुलकीनं सांगितलं, "पर पानीबिनी घेऊ नका बरं का, सोयर आसंल."

हे मला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच दिसलं की दोघं ओट्यावर बसलेत आणि पाण्याच्या तांब्याला कुणी हात लावत नाही. आप्पा मळ्यात गेले होते. आतून जिजीचा आवाज आला, "दत्ता, दार लोटून घे रं! बाळंतिनीला वारं लागंल!"

मुलीचे वडील खाकरले. "घरात बाळंतीण आहे, असं कानावर आलं."

मला इतका आनंद झाला! म्हटलं, दुकानदारानं माझ्या प्रयोगाची कीर्ती पाहुण्यांपर्यंत पोचवली. सुमनच्या प्रश्नाचं उत्तर द्यायची हीच वेळ!

"हो! माझंच काम आहे ते."

"तुमचं?"

"सर्वस्वी माझं. आप्पांचा विरोध होता. म्हणाले, लोक काय म्हणतील? पण मी म्हटलं, गावात आजवर कुणी केलं नाही म्हणून काय झालं?"

त्यांच्या फेट्याचा शेमला थरथरला. मला वाटलं, वाऱ्यानं.

"आणि लपवायचं कशाला?" मी रंगात आलो. "तिकडं कॉलेजात आम्ही सगळेच करायचो. प्राध्यापक स्वतः शिकवायचे."

"प्राध्यापक!"

"तिकडं एका वेळी पाचपाचशे. माझी आपली चाळीस."

"चाळीस?" ते अर्धे उठले.

"त्यातली निम्मी जगली तरी पुष्कळ झालं. थोडी मोठी झाली की गावात घरोघरी एकेक देऊन टाकणार आहे. फुकट. लग्नानंतर सुमनबाईंनीही हातभार लावला, तर वर्षाला दोनशेसुद्धा जड नाहीत."

सांगा, याहून वाईट वाक्य कुठल्या उपवर मुलानं भावी सासऱ्यासमोर उच्चारलं असेल? ते पूर्ण उठले. पायताणं शोधू लागले. "आक्का, चल. पाचची गाडी मिळंल."

मी गोंधळलो. एवढी चांगली योजना आणि हे निघाले कुठं?

आत्याबाई मात्र बसून राहिल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "थांब रं. बाळंतिनीच्या घरी आलोय, तिचं त्वांड न बघता जाऊ व्हय? चाळीस जनली म्हनतोय. मला बघू दे तरी ती बाई कोन हाय!" पिशवीतून त्यांनी एक झबलं काढलं. येताना दुकानातूनच घेतलं होतं म्हणे. कुणाचंही असो, पोर ते पोर.

आणि त्या तडक आत गेल्या. जिजी आडवी आली, "आवो, वारं!" म्हणाली, पण आत्याबाईंनी तिला बाजूला सारून दार ढकललं.

मग असा आवाज आला, की मला वाटलं पेटी फुटली. आत्याबाई हसत होत्या. पोट धरून, नथ सावरून, भिंतीला टेकून हसत होत्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या एका हातात झबलं होतं आणि दुसऱ्या हातात पेटीतून उपसलेली एक काडी.

"घे, ही बघ पोराची लेकरं," त्यांनी काडी भावाच्या हातात दिली. मग मला विचारलं, "काय रं, कितवी शिकलास?"

"पदवी. पहिल्या वर्गात."

"ह्या काडीचा डोळा बघ. कुठं बघतोय?"

मी बघितलं. काडीवरचे सगळे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, वाळूत गेलेल्या तिरक्या टोकाकडं तोंड करून होते. तिरका काप वरच्या टोकाला द्यावा, म्हणजे त्यावर पाणी साचत नाही, हे एका पुस्तकात वाचून मी काड्या कापल्या होत्या. तिरकं टोक वाळूत सोपं जातं, हे दुसऱ्या पुस्तकात वाचून त्या लावल्या होत्या. दोन्ही पुस्तकं बरोबर होती. चाळीसच्या चाळीस काड्या डोकं खाली, पाय वर!

जिजी मागून म्हणाली, "म्या पयल्याच दिशी बघितलं हुतं."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, पायाळू हायत. पायाकडनं जन्मल्याली मी काय कमी बघितली? आन तू शिकल्याला मानूस. म्हनलं, तिकडं हिमालयात आसंच आसंल."

मुलीचे वडील अजून काडीकडं आणि माझ्याकडं आळीपाळीनं बघत होते. संशय पुरता गेला नव्हता. तेव्हा आत्याबाईंनी तांब्या उचलला, घटाघटा पाणी प्यायल्या आणि निकाल दिला, "बस खाली. पोरगा निर्मळ हाय. ज्याला काडीचा शेंडा-बुडखा कळंना, त्यो चोरून संसार काय करनार? देऊन टाक पोरगी. कुनीतरी सरळ करनारं पायजेच ह्याला."

एवढ्या शैक्षणिक पात्रतेवर माझं लग्न ठरलं! काड्या तर एव्हाना एकजात वाळल्या होत्या. त्या दिवशी पाहुण्यांचा दुसरा चहा जिजीनं चुलीत त्याच घालून केला, कारण स्टोव्हमध्ये अजून पाणी होतं.

वैशाखात लग्न लागलं. मांडव भरलेला, सुमन अंतरपाटापलीकडं, मुंडावळ्या बांधलेला मी पाटावर उभा. भटजींनी मंगलाष्टक सुरू करायला तोंड उघडलं आणि बायकांतून आत्याबाईंचा खणखणीत आवाज आला, "थांबा! नवरदेव नीट उभा केलाय न्हवं? शेंडा वर हाय का, बघून घ्या कुनीतरी!"

आणि सांगायला लाज वाटते, पण मी नकळत खाली बघून आपले पाय कुठं आहेत, याची खात्री करून घेतली.